उपरण्याखालचा भाव

गुरांच्या बाजारात दोन माणसे एकमेकांचा उजवा हात हातात घेऊन, त्यावर खांद्यावरचे उपरणे टाकून, एक शब्दही न बोलता उभी राहिलेली ज्यांनी लहानपणी पाहिली असतील, त्यांच्या मनातून ते दृश्य सहसा जात नाही. आजूबाजूस घुंगुरमाळा वाजत असतात, धूळ उडत असते, दलालांचा आरडाओरडा चाललेला असतो. आणि त्या गलबल्यात हातभर कापडाच्या आडोशाला एका बैलजोडीची किंमत ठरत असते. एक बोट धरले तर एक, चार धरली तर चार, सगळा पंजा धरला तर पाच. ते एक म्हणजे शंभर की हजार हे जोडीकडे पाहूनच दोघांना उमगलेले असल्यामुळे निराळे सांगावे लागत नाही. पटले नाही तर मान हलते आणि बोटे पुन्हा चाचपली जातात. पटले की उपरणे झटकून पुन्हा खांद्यावर जाते, विसाराचे पैसे हातावर पडतात, आणि भोवतीच्या बघ्यांना जोडी विकली गेली एवढेच कळते. कितीला विकली, हे देणारा, घेणारा आणि फार तर मधला दलाल यांच्यापुरतेच राहते.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग लोकांच्या तोंडी आहेत. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा घाटावरचा मुलूख. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हा घाटाखालचा, पूर्णेच्या काळ्या मातीचा. लहानपणी वडिलांबरोबर घाटाखालच्या बाजारास गेलो असता, किंमत जर खरी आहे तर ती लपवायची कशाला, असा प्रश्न मी त्यांना केला होता. ते म्हणाले, “अरे, त्याला ह्याच बाजारात अजून एक जोडी विकायची आहे. पहिलीचे काय आले हे सगळ्यांना कळले, तर दुसरीचे तोंड उघडायच्या आधीच पडले ना!” त्या वयात ते उत्तर मला पुरेसे वाटले नाही. आज, माझ्या खिशातले यंत्र मी कोठे गेलो, काय विकत घेतले आणि रात्री किती वाजता जागा होतो याचा रोजमेळ माझ्या नकळत लिहीत असते हे कळून चुकल्यावर, त्या उत्तरात किती व्यवहारज्ञान साठवलेले होते याची प्रचीती येते. माणसाविषयीची माहिती हा त्याच्या हातातला माल आहे. तो सौद्याच्या आधी दुसऱ्याच्या हाती गेला की सौदा एकतर्फी होतो.

खासगीपणाची कल्पना इंग्रजी शिक्षणाबरोबर आपल्याकडे आली, एरवी आमचा समाज उघड्या दारांचा आणि सगळ्यांचे सगळ्यांना ठाऊक असणारा, असे पुष्कळ जाणते लोकही समजतात. मला हे मत मान्य नाही. ‘खासगी’ हा शब्दच मुळी मराठ्यांच्या दप्तरांत मुरलेला फारसी शब्द आहे. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन निराळे हिशेब असत. दौलतीचा पैसा राज्यकारभाराचा, आणि खासगीचा पैसा राजघराण्यातील स्त्रीच्या स्वाधीन. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत जो दानधर्म केला, तो ह्या खासगीच्या उत्पन्नातून. जे आपले आहे आणि ज्याचा जबाब दुसऱ्यास द्यावा लागत नाही ते खासगी, असा त्या शब्दाचा रोख होता. पत्राचेही तसेच. त्यावर लाख वितळवून तीवर मुद्रा उमटवली की ते पत्र ‘लाखोटा’ होई. लाखोटा फुटलेला असेल तर आतला मजकूर कितीही निरुपद्रवी असला तरी तो पोहोचवणाऱ्या जासुदाची अब्रू गेली म्हणून समजावे.

घरांची रचनाही हेच सांगते. वऱ्हाडातील जुन्या माळवदी वाड्यात ओसरी सर्वांसाठी मोकळी असे. तेथे येणारा-जाणारा बसे, पान-सुपारी होई, वसुलीची बोलणी होत. त्यापलीकडील माजघरात मात्र परक्याचा पाय पडत नसे. अर्थात माजघर हे बाईच्या एकांताइतकेच तिच्या कोंडीचेही ठिकाण होते, हे विसरून त्याचे गुणगान करणे अन्यायाचे होईल. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, तिच्या नावावर जमीन नव्हती, माहेरहून आलेल्या पत्रातले शब्दसुद्धा तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागत. पण माजघराच्या कोनाड्याखाली तिची एक लाकडी पेटी होती आणि त्या पेटीची किल्ली तिच्या कनवटीला असे. आत होते तरी काय? दोन खण, काही नाणी, एक चंदनाचे खोड, कापसाच्या सरकीसारखी दिसणारी कसलीशी औषधी बी. दुपारी घर निजले की ती पेटी उघडून वस्तू एकेक बाहेर काढी, पुसे आणि पुन्हा जागच्या जागी ठेवी. तिच्या साऱ्या दिवसातले तेवढेच एक सुख पूर्णपणे तिचे होते, आणि ते घरातील कोणीही, आजोबांनीसुद्धा, कधी मोडले नाही.

आता खामगावाकडे वळतो, कारण बातमी आणि भाव यांचे नाते जिल्ह्यात जर कोठे नीट पाहावयास मिळत असेल तर तेथेच. सुमारे १८२० च्या आसपास काही व्यापारी तेथे येऊन राहिले आणि तूप, सूत व थोडाफार कापूस यांची उलाढाल करू लागले, अशी त्या पेठेची सुरुवात सांगतात. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, आणि १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटून तेथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा घाटाखालून जाऊन १८६७ साली नागपुरास पोहोचला. तो खामगावास वळसा घालून गेला, म्हणून जलंबहून खामगावापर्यंत अवघ्या आठ मैलांचा फाटा काढण्यात आला आणि १८७० साली तो खुला करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आठ मैलांच्या फाट्यासाठी हिंदुस्थानचा सर्वाधिकारी यावा, यावरून त्या पेठेतील कापसाच्या डोकड्यांचे वजन कळते. (खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते, जळगाव तालुक्यासह ते बुलढाण्यात आले १९०५ साली.)

त्याच १८७० साली मुंबई आणि सुएझ यांच्या दरम्यान समुद्राच्या तळावरून तारायंत्राची दोरी टाकली गेली. ह्यापूर्वी इराणच्या आखातातून जाणारी एक तार होती, परंतु ती अनेक सत्तांच्या हद्दींतून जात असल्यामुळे निरोप रखडत आणि वाटेत विपर्यस्त होत पोहोचत. नव्या दोरीने लिव्हरपूलचा भाव मुंबईस काही तासांत येऊ लागला आणि मुंबईहून तो खामगावच्या तारघरात. आगगाडी आणि तार ह्या दोन्हींचा आगमनकाल एकच असावा ही गोष्ट मला नेहमी विचार करावयास लावते. गाडी आली ती सर्वांच्या डोळ्यांदेखत, शिट्टी वाजवीत आली. तिच्यात रुपया खर्चून कोणीही बसावे. तार मात्र एका बंद लिफाफ्यात आली आणि ज्याच्या नावाची होती त्याच्याच हाती पडली.

अशी तार येण्याच्या एखाद्या सकाळचे चित्र मनाशी उभे करावे. दहा-पंधरा कोसांवरून रात्रभर बैल हाकीत आलेला कुणबी गाडीखाली घोंगडी पसरून पडलेला आहे, जोखडाला टेकवलेल्या कंदिलाची वात विझत आली आहे, आणि उजाडताच आपला माल कोणत्या भावाने जाईल याचा अंदाज तो मागच्या आठवड्याच्या भावावरून बांधतो आहे. गादीवर बसलेल्या व्यापाऱ्याच्या हाती त्याच वेळी तारेचा कागद आहे. ती तार सांकेतिक असे. मोठ्या पेढ्यांनी शब्दकोशच छापून घेतले होते, ज्यांत एकेका अर्थहीन शब्दामागे अख्खे वाक्य दडलेले असे. असे केल्याने शब्दांचे पैसे वाचत आणि तारमास्तराने वाचले तरी त्याला काही बोध होत नसे. मारवाडातून आलेल्या पेढीवाल्यांच्या वह्या महाजनी लिपीत असत, जिच्यात काना-मात्रा देण्याची चाल नव्हती. ‘काका अजमेर गये’ हे ‘काका आज मर गये’ असे वाचले जाऊन घरात रडारड झाल्याची कथा त्या लिपीवरूनच प्रसिद्ध आहे. वाचणाऱ्याला संदर्भ माहीत असला तरच अक्षरे बोलत, परक्याला ती मुकीच. खंडी ७८४ रत्तलांची, भाव लिव्हरपूलचा, हिशेब महाजनीत आणि बातमी संकेतात. कापूस तेवढा कुणब्याचा.

आणि येथेच त्या उपरण्याचा दुसरा उपयोग दृष्टीस पडतो. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली हात असत ते मालाच्या धन्याचे आणि घेणाऱ्याचे. अडतबाजारात मात्र, ज्याला पुढे ‘हत्ता पद्धत’ असे नाव पडले तिच्यात, कापडाखाली हात मिळत ते अडत्याचे आणि खरेदीदाराचे. धनी बाजूला उभा राहून नुसते कापडाचे हलणे पाही. त्याच्याच धान्याचा भाव त्याच्यापासून झाकून ठरे. अडत्याने आत किती कबूल केले आणि बाहेर किती सांगितले हे पडताळण्याचे साधन त्याच्यापाशी नसे, आणि सांगितलेल्या रकमेतूनही हमाली, तोलाई, दलाली, धर्मादाय, वानगी अशा नाना बाबी कापून उरेल ते त्याच्या पदरी पडे. देशातील अनेक बाजारपेठांत ही चाल होती. कापड तेच, बोटे तीच, पाच म्हणजे पंजा हा संकेतही तोच. पण पहिल्या ठिकाणी ज्या आडोशाने दुबळ्याची झाकली मूठ राखली, त्याच आडोशाने दुसऱ्या ठिकाणी त्याला उघड्यावर लुटले. गुप्तता चांगली की वाईट असा सरसकट प्रश्न विचारणाऱ्यास म्हणूनच मी प्रथम विचारीन, की कापडाच्या आत कोणाचे हात आहेत आणि बाहेर कोण उभा आहे?

वऱ्हाडाला ह्या प्रश्नाचे भान देशात सर्वांआधी आले, ही गोष्ट आम्ही वऱ्हाडकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. हिंदुस्थानातील पहिली नियंत्रित बाजारपेठ १८८६ साली कारंजा येथे स्थापन झाली. वऱ्हाड नावाने अद्याप निजामाचा असल्यामुळे त्याला ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा आपोआप लागू होत नसे, आणि ही व्यवस्था हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमाने झाली. पुढे १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. बाजाराची हद्द ठरली, दलाल आणि मापारी यांस परवाना घ्यावा लागू लागला, कारभारास समिती आली. त्या समितीत प्राधान्य व्यापाऱ्यांचे होते आणि पिकवणाऱ्यास तीत मानाची जागा मिळण्यास पुढे बरीच वर्षे जावी लागली, हे तिचे वैगुण्य होय. तरीही १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने देशभर नियंत्रित बाजारपेठा स्थापाव्यात अशी शिफारस केली, तेव्हा वऱ्हाडचा अनुभव त्याच्यासमोर होता. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. उघड लिलाव, मोठ्याने पुकारलेला भाव, धन्याच्या देखत झालेले तोल, आणि हिशेबपट्टी त्याच्या हातात. उपरणे बाजार समितीच्या आवारातून हद्दपार झाले आणि गुरांच्या बाजारात तेवढे उरले.

भावासारखीच गोष्ट अंगठ्याची. कर्जरोख्यावर काय लिहिले आहे हे न कळता त्याखाली उमटवलेला अंगठा ही आपल्या ग्रामीण इतिहासातील फार करुण खूण आहे. बंगालमध्ये १८५८ साली विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून कागदावर पंजाचा ठसा घेतला, तो दिलेला शब्द त्याने नाकारू नये म्हणून. आणि तेथून माणसाची ओळख त्याच्या बोटांच्या रेषांत शोधण्याचे शास्त्र वाढले. ठसा खरा असे, त्यावरचा मजकूर खरा असेलच असे नाही. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे वेढली तेव्हा दागिन्यांपेक्षा रोखे हस्तगत करून जाळण्याकडे त्यांचा रोख होता. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी झालेल्या कायद्यात अशी तजवीज केली गेली, की शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमक्ष लिहिला जावा, म्हणजे त्यातला मजकूर समजल्याखेरीज अंगठा उठू नये. तो कायदा वऱ्हाडास लागू नव्हता. येथल्या कुणब्याचा अंगठा तसाच उठत राहिला.

टपाल आणि तार यांनी सामान्य माणसास जी गोपनीयता देऊ केली ती अशीच अर्धी होती. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि गरिबाच्या घरी पत्र येऊ लागले. स्वस्ताईची किंमत ही, की ते उघडे होते. लखोट्याला जास्त पैसे पडत, म्हणजे आडोसा विकत घ्यावा लागे. पोस्टमनने दारात उभे राहून कार्ड वाचून दाखवावे आणि चारचौघींत बसलेल्या सुनेने आपल्या आईच्या आजाराची बातमी पदराआड ऐकावी, हे आजीने सोसले आहे. १८८५ च्या तारेच्या कायद्याने निरोपातील मजकूर फोडणाऱ्या तारखात्याच्या नोकरास शिक्षा सांगितली, आणि त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने सरकारला मात्र तो निरोप वाटेत अडवण्याची व वाचण्याची मुभा ठेवली. १८९८ च्या टपालाच्या कायद्यातही तसेच. हे दोन्ही कायदे बदलून २०२३ साली नवे आले, तारसेवा तर त्याआधीच २०१३ च्या जुलैत बंद झाली होती. सरकारचा तो अधिकार नव्या कायद्यांतही कायम आहे.

तार आणि मोबाइल यांच्या मधल्या काळातला, १९९० च्या सुमाराचा, पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ मला अजून आठवतो. काचेच्या त्या खोपटात शिरून दार ओढून घेतले की आवाज बाहेर जात नसे, पण रडणारा चेहरा काचेतून सगळ्यांना दिसे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने निर्णय दिला, की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्याआधी १९५४ आणि १९६२ सालच्या निकालांत ह्या हक्काला स्वतंत्र स्थान नाकारले गेले होते. निर्णयाची बातमी वाचताना मला आजीची किल्ली आठवली. पुढे २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यात संमती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, पाहण्याचा पर्याय माणसाला दिला पाहिजे अशी तरतूद आहे. १८७९ च्या गावनिबंधकाचेच हे काम, दीडशे वर्षांनी पुन्हा कायद्यात आले. पण मोबाइलवर पान उघडल्याबरोबर खाली ‘मान्य आहे’ असे जे बटण येते, त्यावर आपण सारे जो अंगठा टेकवतो, तो मजकूर वाचून टेकवतो का? शिकलेला प्राध्यापक आणि न शिकलेला सालदार ह्या बाबतीत आज एका पंक्तीस बसले आहेत. ती माहिती जेथे जाऊन साठते तेथे आमच्याविषयी काय भाव ठरतो, कोणत्या दोन हातांत आमची बोटे मोजली जातात, हे आम्हांस दिसत नाही. अडतबाजारातल्या त्या धन्यासारखे आम्ही बाहेर उभे असतो, आणि कापड हलताना दिसते एवढेच.

याचा अर्थ मी यंत्राचा द्वेष करतो असा मात्र नव्हे. खामगावच्या यार्डात गाडी उभी करण्याआधीच आज शेतकऱ्याला अकोल्याचा आणि मलकापूरचा भाव ठाऊक असतो. लिव्हरपूलची तार गादीवरच्या एकट्याच्या हाती पडण्याचा काळ संपला, हे फार मोठे कल्याण झाले आहे. माझी बहीण परगावाहून रोज संध्याकाळी मोबाइलवर दिसते, तिच्या स्वयंपाकघरातली फोडणी मला ऐकू येते, आणि ते सुख मी कोणत्याही तत्त्वासाठी सोडणार नाही. तिचे बोलणे ऐकणारे तिसरे कोणी नसावे एवढीच माझी मागणी आहे, आणि ती मागणी पदराआड पत्र ऐकणाऱ्या माझ्या आजीचीही होती.

गेल्या उन्हाळ्यात बऱ्याच वर्षांनी गुरांच्या बाजारात गेलो होतो. गुरे पूर्वीपेक्षा थोडी, ट्रॅक्टरने जोड्यांची गरज कमी केलेली. तरी एका निंबाखाली दोघे वयस्क गृहस्थ हातात हात घालून उभे होते आणि वर, उपरणे नसल्यामुळे, एकाच्या गळ्यातला गमछा टाकलेला होता. पुष्कळ वेळ चालले. शेवटी गमछा निघाला, दोघांनी माना डोलावल्या, आणि घेणाऱ्याने विसार देण्यासाठी खिशातून मोबाइल काढला. विकणाऱ्याची सोबत म्हणून चहाचा टपरीवाला उभा होता. त्याच्या टपरीवरील कागदाच्या चौकोनावर पैसे पाठवायचे आणि त्याने ते रोख मोजून द्यायचे असे ठरले. क्षणभराने टपरीच्या फळीवरील लहान डबीतून एका बाईचा स्वच्छ, शिकवलेला आवाज विसाराची पूर्ण रक्कम मोठ्याने बोलला. बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांनी माना वळवल्या. विकणाऱ्याने त्या डबीकडे पाहिले, मग आपल्या दुसऱ्या जोडीकडे पाहिले, आणि टपरीवाल्याला हळूच म्हणाला, “भाऊ, तिचा आवाज जरा कमी करता येते का?”